शाळा सुटली, मालिका नाही!

बारावीनंतर पात्रं पांगली, तर मालिका चालायची कशी? अमेरिकी मालिकांनी शोधलेल्या वाटा :

■ बेव्हर्ली हिल्स, ९०२१० (१९९०-२०००) : चौथ्या पर्वात बहुतेक मित्रमंडळी एकाच काल्पनिक 'कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी'त.

■ सेव्ह्ड बाय द बेल : द कॉलेज इयर्स (१९९३-९४) : कॉलेजसाठी वेगळी मालिका, एकाच पर्वात गाशा गुंडाळला.

■ डॉसन्स क्रीक (१९९८-२००३) : पाचव्या पर्वात डॉसनची मैत्रीण जोई बोस्टनच्या काल्पनिक वर्दिंग्टन विद्यापीठात. डॉसन लॉस एंजेलिसला गेला खरा, पण वडिलांच्या मृत्यूनंतर बोस्टनलाच आला.

■ गिलमोर गर्ल्स (२०००-०७) : लेक रोरीचं स्वप्न हार्वर्डचं, प्रवेश घेतला घराजवळच्या येलमध्ये. आई-लेकीच्या भेटीगाठी चालू राहिल्या.

■ वन ट्री हिल (२००३-१२) : पाचव्या पर्वात कथानकाची थेट चार वर्षांची उडी. कॉलेजच गाळलं!