गर्भजल : कमी आणि जास्त

‘डॉक्टर, सुनेचं पाणी कमी सांगितलंय. बाळ पोटात कोरडं तर पडणार नाही ना?’ सोनोग्राफीचा अहवाल हाती घेऊन जवाहर चौकातील एखादी आजी मला विचारते. हा प्रश्न खरे तर प्रसूतितज्ज्ञांचा. तथापि गर्भजलाचा हिशेब बाळाच्या शरीराशीच जोडलेला असतो.

पाचव्या महिन्यानंतर हे जल मुख्यत्वे बाळाच्या मूत्राचे बनते. बाळ ते गिळते आणि पुन्हा विसर्जित करते. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास ते साधारण ८०० मिलिलिटर असते. पुढे घटत जाते.

१९८७ साली फेलन व सहकाऱ्यांनी गर्भाशयाचे चार भाग कल्पून प्रत्येकातील जलाची खोली मोजण्याची पद्धत मांडली. चारांची बेरीज ५ ते २४ सेंटीमीटर असणे सामान्य. त्याहून कमी भरल्यास बाळाच्या मूत्रपिंडांतील दोष, मूत्रमार्गातील अडथळा, वारेची दुर्बलता किंवा पाणमोट फुटून होणारी गळती यांचा शोध घ्यावा लागतो. मात्र या बेरजेमुळे ‘पाणी कमी’ हा शिक्का अधिक मातांवर बसतो, प्रसूतीची घाई वाढते आणि बाळांचा लाभ मात्र वाढत नाही, असे पुढील अभ्यासांत दिसले. म्हणून आता अनेक तज्ज्ञ केवळ सर्वांत खोल साठा पाहतात. तो २ ते ८ सेंटीमीटर असावा.

भोपाळच्या वैशाखात मातेच्या शरीरातील पाणी घटल्यानेही आकडा उतरू शकतो. अशा वेळी पुरेसे पाणी पिऊन फेरतपासणी करावी. परंतु बाळाची हालचाल मंदावली किंवा पाणी गळू लागले, तर घरी थांबू नये.

जास्त पाण्याकडे मात्र आपण निश्चिंतपणे पाहतो. त्यामागे मातेचा मधुमेह असू शकतो, किंवा बाळाला गिळताच येत नसते. १९९०च्या दशकात मी निवासी डॉक्टर असताना अशा एका नवजात बाळाला घरच्यांनी रीतीप्रमाणे मध चाटवला, मग दूध पाजले. बाळ निळे पडले. त्याची अन्ननलिका मध्येच बंद होती. ‘पाणी जास्त’ ही नोंद मातेच्या कागदांत होती. ती आम्ही कोणी वाचली नव्हती. ते बाळ वाचले नाही.

तेव्हापासून पाणी जास्त असलेल्या मातेच्या बाळाला पहिला घोट देण्यापूर्वी मी जठरापर्यंत नळी घालून पाहतो. दोन मिनिटांचे काम आहे. समव्यवसायी मित्रांना आग्रहाची विनंती, की बाळ हाती घेण्याआधी आईचे कागद जरूर वाचावेत.