‘लेट’ या इंग्रजी क्रियापदाचे परस्परविरोधी अर्थ

प्रवचनाच्या तयारीसाठी आपल्यापैकी पुष्कळांना इंग्रजी भाष्यग्रंथांचा आधार घ्यावा लागतो, आणि त्यांत राजा जेम्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १६११ च्या भाषांतरातील ओव्या वारंवार येतात. तेथे ‘लेट’ या साध्या क्रियापदापाशी वाचकास ठेच लागते, आणि ती लागल्याचे ध्यानीही येत नाही, ही खरी अडचण.

‘लेट’ म्हणजे होऊ देणे, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. घर भाड्याने देणे हा त्याचाच विस्तार. ‘टू लेट’च्या पाट्या आपण नित्य पाहतो. परंतु त्याच अक्षरांचे दुसरे एक क्रियापद इंग्रजीत होते व त्याचा अर्थ होता अडवणे. मूळ भाव उशीर करण्याचा. ‘गाडी लेट आहे’ म्हणताना आपण वापरतो तो शब्द याच कुळातला. प्राचीन इंग्रजीत ही दोन क्रियापदे वेगळी होती, पुढे ती एकरूप झाली. टेनिसमधील ‘लेट’ हा अडथळाच होय. भारतीय पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तीतही हा अर्थ शिल्लक आहे.

निर्गमच्या पाचव्या अध्यायात दोन्ही अर्थ अवघ्या चार ओव्यांत एकत्र आले आहेत. पहिल्या ओवीत लोकांना जाऊ द्यावे अशी मागणी फारोपुढे मांडली जाते, तेथे ‘लेट’. चौथीत लोकांना कामापासून रोखल्याबद्दल फारो मोशे व अहरोन यांस दरडावतो, तेथेही ‘लेट’च.

सर्वांत मोठा घोटाळा थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र २:७ येथे होतो. अधर्माचे रहस्य कार्य करीत आहे, पण कोणीतरी त्यास आवरून धरले आहे, असे पौल सांगतो. मूळ ग्रीक क्रियापद ‘कातेखो’, म्हणजे धरून ठेवणे. सहाव्या ओवीत त्याच क्रियापदासाठी भाषांतरकारांनी रोखण्याचा निःसंदिग्ध शब्द योजला, सातवीत मात्र ‘लेट’. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षी या ओवीवर बोलताना, देव अधर्माला तूर्त मुभा देतो, असे मी ठासून सांगितले होते. जो हात दुष्टाईला थोपवतो, तोच तिला वाट करून देणारा ठरला! नुकताच मुलगा गमावलेले एक गृहस्थ त्या दिवशी समोर बसले होते. ऱ्हीम्सच्या १५८२ च्या कॅथलिक भाषांतरात ‘धरणे’ याच अर्थाचे क्रियापद आहे, आणि १८८१ च्या सुधारित भाषांतरानेही ‘लेट’ काढून टाकला. शेजारी यांपैकी एक प्रत उघडी असती तर पुरे होते.

उत्पत्तीच्या आरंभी प्रकाशनिर्मितीच्या ओवीतील ‘लेट’ या दोहोंतही बसत नाही. हिब्रूत तेथे ‘येही’ हे एकच आज्ञार्थी रूप आहे; इंग्रजीजवळ तसे रूप नसल्याने तिने ‘लेट’चा टेकू घेतला. मराठीस त्याची गरज नाही, तिच्यापाशी ‘होवो’ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात इंग्रजीच्या वळणाने ‘प्रकाश होऊ दे’ असे कानी येते, ते टाळावे. पावसासाठी प्रार्थना करताना ‘पाऊस पडू दे’ म्हणणे योग्यच, कारण तेथे देणारा आहे. निर्मितीच्या वेळी देवाने ज्याच्याकडे मागावे असा कोणीच नव्हता.