पडद्यावरचे आल्को : जुन्या डिझेल इंजिनाचा स्वभाव गणितात उतरवताना

कोल्हापूर–मिरज हा सुमारे ४८ किलोमीटरचा लोहमार्ग १८९१ मध्ये मीटरगेज म्हणून सुरू झाला, १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज झाला, आणि पुढे विजेच्या तारा पोचेपर्यंतच्या दशकांत येथील गाड्यांचा भार प्रामुख्याने आल्को घराण्यातील डिझेल इंजिनांनी वाहिला. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजेच आल्को, हिच्या आराखड्याची डब्ल्यूडीएम-२ जातीची इंजिने १९६२ मध्ये भारतात आली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. ही इंजिने आता झपाट्याने सेवेतून बाहेर पडत आहेत आणि त्यांचे चालते रूप ट्रेन सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर आगगाडी चालवण्याच्या खेळात, शिल्लक राहू लागले आहे.

मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये असा खेळ बाजारात आणला, तेव्हा त्यातील सहा मार्गांमध्ये एकही भारतीय मार्ग नव्हता. मात्र नवी इंजिने, डबे आणि मार्ग बनवून त्यात घालण्याची सोय त्या खेळात होती. तिचा लाभ घेऊन भारतातील हौशी मंडळींनी येथील इंजिने घडवायला सुरुवात केली, आणि पुढे ‘ओपन रेल्स’ या मोफत, सर्वांसाठी खुल्या प्रणालीने त्याच फाइली वापरून अधिक काटेकोर भौतिकशास्त्र उपलब्ध करून दिले. इंजिनाची त्रिमितीय आकृती आणि रंगकाम ही या कामातील नजरेत भरणारी, पण तुलनेने सोपी बाजू होय. खरे कौशल्य लागते ते इंजिनाचे वागणे आकड्यांत मांडण्यासाठी, आणि हे आकडे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात.

डब्ल्यूडीएम-२ चे वजन ११२.८ टन असून ते सहा आसांवर विभागलेले असते. रूळ आणि चाक यांच्यातील पकडीमुळे या वजनाच्या सुमारे २७ टक्के, म्हणजे ३०.४५ टन, इतकी ओढ सुटतेवेळी मिळते. वेग वाढू लागला की मर्यादा पकडीची न राहता शक्तीची होते, कारण ओढ आणि वेग यांचा गुणाकार म्हणजेच शक्ती. एकूण २,६०० अश्वशक्तीपैकी चाकांपर्यंत सुमारे २,००० पोचते असे धरल्यास ताशी ५० किलोमीटरला ओढ साधारण १०.८ टन भरते, तर ताशी १०० किलोमीटरला ती निम्म्यावर येते. पकडही वेगाबरोबर घटत जाते. सिम्युलेटरमध्ये तिच्यासाठी कुर्टियस–क्निफलर यांचे सूत्र वापरतात आणि त्यानुसार कोरड्या रुळावर पकडीचा गुणांक थांबलेल्या स्थितीत ०.३३, तर ताशी १०० किलोमीटरला ०.२१ असतो. पावसाळी रुळावर तो आणखी खाली येतो, आणि अशा वेळी खेळणाऱ्याने घाईने शक्ती वाढवली तर पडद्यावरची चाकेही जागच्या जागी फिरू लागतात.

आवाजाचे गणित याहून नाजूक आहे. पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनाप्रमाणे आल्कोच्या सोळाही सिलिंडरांत दर दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. त्यामुळे मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या संथ गतीत सेकंदाला सुमारे ५३ ठोके पडतात, तर १,००० फेऱ्यांच्या पूर्ण गतीत १३३. एकच ध्वनिमुद्रण घेऊन त्याची पट्टी वर-खाली केली की काम भागेल, असे यावरून वाटेल. परंतु टर्बोचार्जर, म्हणजे सिलिंडरांत जादा हवा कोंबणारी झोतचक्की, धुराड्याकडे जाणाऱ्या तप्त वायूवर फिरते, आणि म्हणून तिची शिट्टी फेऱ्यांवर अवलंबून नसून इंजिनावरील भारावर अवलंबून असते. तेव्हा ठोके आणि शिट्टी यांची मुद्रणे वेगळी ठेवून त्यांना वेगवेगळे नियम लावावे लागतात. लोको पायलटने आठ खाचांच्या नियंत्रकाचा दांडा पुढे सरकवला की इंधन लगेच वाढते, झोतचक्की मात्र काही क्षण मागे राहते, आणि हवेअभावी अर्धवट जळलेले डिझेल काळ्या धुराचा लोट होऊन बाहेर पडते. आल्कोची ओळख ठरलेला हा धूर पडद्यावर दांड्याबरोबर तत्काळ उठला, तर जाणकाराला ती नक्कल चटकन खटकते, आणि ते रास्तच आहे.

निर्वात ब्रेकची गाडी हाताळताना सिम्युलेटरचा कस अधिकच लागतो. या पद्धतीत गाडीभर जाणाऱ्या नळीतली हवा शोषून घेऊन ब्रेक सुटलेले ठेवतात, आणि नळीत हवा सोडली की ते लागतात. शोषणाचे काम करणारा एक्स्प्रेसर आल्कोमध्ये थेट मुख्य इंजिनाला जोडलेला असल्याने, लांब गाडीचे ब्रेक लवकर सोडवायचे असतील तर गाडी उभी असतानाही इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्या लागत. हा कारागिरीचा भाग कोष्टकांतून क्वचितच कळतो. तो शेडमधील फिटर आणि निवृत्त चालक यांच्याकडून जाणून घ्यावा लागतो.

मार्गाच्या दृष्टीने कोल्हापूर–मिरज हा पट्टा सिम्युलेटर घडवणाऱ्यांसाठी विलक्षण समृद्ध आहे. मिरजेत एके काळी कोल्हापूर–पुण्याचे ब्रॉडगेज, बेळगाव–लोंढ्याकडचे मीटरगेज आणि बार्शी लाइटचे नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत. तिथून जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी असे करत आणि पंचगंगेवरचा पूल ओलांडून गाडी कोल्हापूरला येते, तेव्हा तिच्यापुढे रूळ संपलेले असतात. एकाच टोकाला चालककक्ष असलेले इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला जोडावे लागते, आणि फिरवून न घेतल्यास येण्या-जाण्यापैकी एका दिशेला चालकाला लांबलचक धडाच्या कडेने पुढचा रूळ पाहावा लागतो. सिग्नल कोणत्या बाजूला आहे, वळण कोणत्या हाताला आहे, याचे महत्त्व त्या वेळी किती वाढते, हे सिम्युलेटरच्या कक्षात बसल्यावर छायाचित्रांपेक्षा कितीतरी स्पष्ट कळते.

संख्येने तुरळक असलेल्या जातींची अडचण निराळी आहे. पहिली हावडा–नवी दिल्ली राजधानी १९६९ मध्ये ओढणारी जनरल मोटर्सची डब्ल्यूडीएम-४ इंजिने अवघी ७२ होती, तर १९७० च्या सुमारास जर्मनीहून आलेली हेन्शेलची डब्ल्यूडीएम-३ केवळ ८. हेन्शेलमध्ये शक्ती विजेच्या मोटरींऐवजी तेलाच्या प्रवाहातून चाकांकडे जात असे, आणि म्हणून आल्कोची फाइल किरकोळ बदल करून तिला लावणे चुकीचे ठरते. तिची ओढ आणि वेग यांचा आलेख मुळातून नव्याने काढावा लागतो. जी जात सेवेतून गेली, तिचा आवाज दुसऱ्या इंजिनाकडून उसना घ्यावा लागतो. डब्ल्यूडीएम-२ सुमारे २,७०० च्या संख्येने बांधले गेल्यामुळे आणि त्याची भावंडे अजून कुठे कुठे धावत असल्यामुळे त्याच्याबाबतीत मूळ आवाज टिपणे आज शक्य आहे : आठही खाचांचे वेगवेगळे मुद्रण, रिकाम्या आणि भरल्या गाडीसह, कक्षाच्या आतून आणि रुळाकाठाहून.