बुरुजाखालची अठरा माणसे

धर्माची शिकवण ग्रंथातून मिळते, तशी ती रस्त्यावर आणि स्वयंपाकघरातही मिळते. येशू ख्रिस्ताने लोकांना उपदेश करताना घेतलेले दाखले पाहिले म्हणजे हे चटकन ध्यानात येते. पिठात कालवलेले खमीर, मोहरीचा दाणा, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी गृहिणी, चुकलेल्या मेंढरामागे रानोमाळ हिंडणारा मेंढपाळ, ही सारी नित्याच्या पाहण्यातली चित्रे. ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही ती समजावून घेण्यासाठी पंडिताकडे जावे लागले नाही. मराठीतही ही वाट जुनीच आहे. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांनी आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी भाषेची थोरवी गाताना तिला फुलांमधल्या मोगरीची उपमा दिली. तो ग्रंथ १६१६ साली छापला गेला. पुढे तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना तर महाराष्ट्राने ‘फुलांमुलांचे कवी’ याच नावाने हृदयाशी धरले.

हैदराबादेतील जामबाग मराठी माणसाच्या परिचयाचा आहे तो १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनी संस्थेमुळे. साऱ्या शहराला मात्र तो ठाऊक आहे फुलांच्या बाजारासाठी. घाऊक व्यापाराचा मोठा भाग पुढे गुडिमल्कापूरला गेला, तरी जामबागचे नाव फुलांपासून सुटलेले नाही. रानातली फुले कष्ट करीत नाहीत, सूत कातीत नाहीत, तरी शलमोन राजाच्या वैभवाला त्यांची सर नाही, असे ख्रिस्ताने म्हटले. त्याचा अर्थ आळसाला मोकळीक असा मुळीच नव्हे. फुलांचा धंदा करणारा पहाटे उठतो, माल निवडतो, हार गुंफतो; पण आजचे फूल उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? आजचे काम आज मनापासून करावे आणि उद्याच्या काळजीचे ओझे आजच डोक्यावर घेऊ नये, एवढाच त्या शिकवणीचा आशय आहे.

फुलांपासून बोध घेणे सोपे आहे. इतिहासापासून बोध घेणे त्याहून कितीतरी अवघड, आणि तेथेच माणसाचे पाऊल बहुधा घसरते. जामबागेपासून मुसी नदी फार लांब नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीला आलेल्या महापुरात सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे मानले जाते. घरे पडली, पूल वाहून गेले. अफझलगंजजवळ, आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, एक चिंचेचे झाड आहे. त्या झाडावर चढून बसल्यामुळे सुमारे दीडशे जणांचे प्राण वाचले, असे सांगतात.

आता प्रश्न असा की, दीडशे का वाचली आणि हजारो का बुडाली? अशा वेळी एक उत्तर माणसाच्या जिभेवर तयारच असते: बुडाले त्यांचे काही पाप असेल, वाचले त्यांचे काही पुण्य असेल. हे उत्तर ऐकायला धार्मिक वाटते. वस्तुतः ते अत्यंत निष्ठुर आहे, कारण त्यामुळे मृताची अब्रू जाते आणि जिवंताला फुकटचा मोठेपणा मिळतो.

ख्रिस्तापुढे हाच प्रश्न आला होता. पिलाताने काही गालीलकरांची हत्या केली होती, ती वार्ता लोकांनी त्याच्या कानी घातली. त्याने आपण होऊन आणखी एका अपघाताची आठवण दिली. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती माणसे यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे त्याने विचारले आणि ‘नाही’ असे स्वतःच स्पष्ट उत्तर दिले. मग त्याने बोट वळवले ते विचारणाऱ्यांकडे. तुम्ही स्वतः पश्चात्ताप करा, असे त्याने बजावले. पश्चात्ताप म्हणजे नुसते रडणे नव्हे. चालीची दिशा बदलणे. संकट पाहून मेलेल्यांचा न्याय करू नये, आपल्या जगण्याचा हिशेब तपासावा, हा त्या उत्तराचा गाभा होय.

हैदराबादने महापुरानंतर जे केले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. पूर कोणाच्या पापामुळे आला याचा शोध त्यांनी घेतला नाही. पाणी कोठून आले आणि ते कोठे अडवता येईल, याचा घेतला. त्यातूनच १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाले. पुराच्या पाण्याला अडसर मिळाला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. परंतु दिशा एकदा बदलून भागत नाही. १९०८ चा धडा जुना झाला, तलावांच्या व ओढ्यांच्या जागा घरांनी व्यापल्या, आणि ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शहराच्या अनेक वस्त्या पुन्हा पाण्याखाली गेल्या.

बुरुजाच्या गोष्टीला लागूनच ख्रिस्ताने आणखी एक दाखला सांगितला आहे. द्राक्षमळ्यात एक अंजिराचे झाड होते. तीन वर्षे त्याला फळ आले नाही, तेव्हा मालकाने ते तोडण्यास सांगितले. माळी म्हणाला, हे एवढे वर्ष राहू द्यावे. याच्या भोवती खणून खत घालतो. पुढच्या वर्षी फळ आले की नाही, हे ख्रिस्ताने सांगितलेले नाही. गोष्ट तेथेच सोडून दिली आहे.

शेजाऱ्याच्या घरी दुखणे आले, कोणाचा धंदा बुडाला, कोणाचा तरुण मुलगा गेला, म्हणजे त्यांचे कोठे चुकले याची चर्चा ओट्यावर सुरू होते. त्या चर्चेत शिरण्यापूर्वी शिलोहाचे ते अठरा जण आठवावेत. चिंचेवर बसलेल्या दीडशे जणांना जे आयुष्य पुन्हा मिळाले, ते त्यांच्या पुण्याईचे प्रशस्तिपत्र नव्हते. माळ्याने मागून घेतलेल्या त्या एका वर्षासारखी ती मुदत होती. ज्यांच्यावर बुरूज कोसळला नाही, अशा प्रत्येकाला ती मुदत आजही मिळालेली आहे. तिचे काय करावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे.