डोकं दुखतंय : सोसायचं की तपासायचं?

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस गर्भारपणातल्या डोकेदुखीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. औषध देणं हे डॉक्टरांचं काम. पण लक्षणावरून निष्कर्ष कसा काढावा, हे न्यायदर्शनाचं जुनं काम आहे. इथे निष्कर्ष चुकला तर दोन जीव धोक्यात येतात.

घरोघरी दोन वाक्यं ऐकू येतात. एक, ‘दिवस गेलेत, डोकं दुखायचंच.’ दुसरं, ‘गोळी घेऊ नकोस, सोस.’ दोन्ही तपासून पाहू.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. सुरुवातीच्या महिन्यांत संप्रेरकं बदलतात, उलट्यांमुळे अन्नपाणी कमी पडतं, झोप मोडते. सवयीचा चहा एकदम सोडला तरी डोकं धरतं. अशा वेळी पाणी प्यावं, थोड्या थोड्या वेळाने खावं, अंधाऱ्या खोलीत पडावं, कपाळावर गार पट्टी ठेवावी. कडक उपास या काळात नकोच. तेवढ्यासाठी कोणताही देव रागावत नाही.

आता उरलेलं अर्धं. डोंगरावर धूर दिसला की आपण अग्नीचं अनुमान करतो, कारण अग्नीवाचून धूर नसतो. डोकेदुखी तसा धूर नव्हे. ती जागरणानेही होते आणि वाढलेल्या रक्तदाबानेही. अशा हेतूला नैयायिक ‘सव्यभिचार’ म्हणतात; तो एका निष्कर्षाशी एकनिष्ठ नसतो. म्हणून नुसत्या दुखण्यावरून ‘काही नाही’ असंही म्हणता येत नाही. दुसरं प्रमाण शोधावं लागतं, आणि ते दंडावर पट्टा बांधून दोन मिनिटांत मिळतं.

विसाव्या आठवड्यानंतर नव्याने सुरू झालेली किंवा न थांबणारी डोकेदुखी असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजा, लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला, तर प्रीएक्लॅम्पसियाची शंका घ्यावी लागते. डोळ्यांपुढे काजवे, अंधुक दिसणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्या-हातांवर अचानक सूज, यांतलं काही सोबत असेल तर थांबू नका. रक्तदाब १६०/११० असेल, झटके आले, किंवा क्षणात असह्य डोकं दुखू लागलं, ताप येऊन मान आखडली, बोलणं अडखळलं, तर थेट रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. आणि बाळंतपण झालं म्हणजे धोका संपला असं नाही. पुढचे सहा आठवडे हीच सावधगिरी हवी.

आता दुसरं वाक्य, ‘सोस.’ सोसणं म्हणजे सुरक्षित राहणं नव्हे. साध्या उपायांनी भागलं नाही, तर पॅरासिटामॉल ही पहिली निवड असते. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा, गरजेपुरती, कमीत कमी दिवस. सर्दीच्या गोळ्यांतही ती असते, तेव्हा दुप्पट होऊ देऊ नका. आठवड्यात दोन-तीन दिवसांहून जास्त लागत असेल, तर परत डॉक्टरांकडे जा.

ही गोळी आणि मुलांमधला ऑटिझम यांचा संबंध असल्याची चर्चा २०२५ मध्ये खूप झाली. आपल्याकडे काकतालीय न्याय आहे : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केली, तेव्हा तो संबंध उरला नाही.

मात्र ‘डोकेदुखीची गोळी’ म्हणून दुकानातून काहीही आणू नका. आयबुप्रोफेन टाळा, विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या मूत्रपिंडांना बाधू शकते आणि गर्भजल कमी करू शकते. कॉम्बिफ्लॅममध्ये ती आहे. अर्धशिशीवरचं अर्गोटामिनही चालत नाही. ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. पण डॉक्टरांनी प्रीएक्लॅम्पसिया टाळण्यासाठी कमी मात्रेत दिली असेल, तर मनाने बंदही करू नका.

शेवटी घरच्यांसाठी. दुसऱ्याची वेदना आपल्याला प्रत्यक्ष कळत नाही. तिथे तिचा शब्द हेच प्रमाण. ती म्हणाली ‘डोकं दुखतंय’, की ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणण्याआधी तिचा रक्तदाब मोजून आणा.