शेंगदाणा दिसत नाही, अडकलेली हवा दिसते

मधुबन धरणाचं पाणी अंगाखांद्यावर घेऊन बसलेलं दुधनी सिल्वासापासून साधारण 40 किलोमीटरवर, खानवेलच्या पलीकडे. समजा, इथल्या एखाद्या दोन वर्षांच्या पोराला शेंगदाणे खाताना जोराचा ठसका लागला. थोड्या वेळानं खोकला थांबला, पोर खेळायला लागलं. रात्री मात्र छातीत घरघर. सिल्वासाला नेऊन छातीचा फोटो काढला, तर तो चक्क नॉर्मल!

फोटो खोटा नसतो, तो चुकीच्या क्षणी काढलेला असतो. एक्स-रेमध्ये नाणं ठळक दिसतं, शेंगदाणा दिसत नाही. दिसतो तो त्याचा परिणाम, आणि तोही बहुधा श्वास सोडतानाच.

श्वास घेताना छाती फुलते, आतल्या नळ्याही किंचित रुंदावतात. शेंगदाण्याच्या कडेनं हवा आत सरकते. श्वास सोडताना नळी आवळते, दाण्याला घट्ट धरते आणि हवा आतच कोंडते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह असाच एकतर्फी असतो. म्हणून भरल्या श्वासाच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं सारखीच काळी दिसतात. सोडल्या श्वासाच्या फोटोत निरोगी बाजू आकसून पांढुरकी होते, दुसरी काळी आणि फुगलेलीच राहते, हृदयही निरोगी बाजूकडे ढकललेलं दिसतं.

पण दोन वर्षांच्या मुलाला ‘श्वास सोड’ सांगून कसं चालेल? तंत्रज्ञ पोटाकडे टक लावून बघतो आणि पोट खाली जाताच बटण दाबतो. तेही जमलं नाही तर मुलाला कुशीवर निजवतात. खालचं फुप्फुस अंगाच्या भारानं दबायला हवं. ते फुगलेलंच राहिलं तर संशय बळावतो. मला ही युक्ती फार मोलाची वाटते, कारण तिला साधं एक्स-रे यंत्र पुरतं.

काही बाळांत मात्र दाणा अडकलेला नसतो, श्वासनळीच मऊ असते. श्वास घेताना ती उघडी, सोडताना चपटी. तिथे हलतं चित्र लागतं. 320 डिटेक्टर-ओळींचं सीटी यंत्र अर्ध्या सेकंदाच्या आत 16 सेंटिमीटर भाग टिपतं, पण किरणांची मात्रा सांभाळावी लागते. एमआरआयमध्ये किरण नाहीत, मात्र लहान मूल स्वस्थ पडून राहायला हवं.

पुन्हा शेंगदाण्याकडे येऊ. ठसक्याची हकीकत पक्की असेल तर नॉर्मल फोटोवर थांबू नये. भूल देऊन दुर्बिणीनं आत बघावंच लागतं. डॉक्टर गुस्टाव्ह किलियन यांनी 1897 मध्ये असाच हाडाचा तुकडा श्वासनळीतून काढला होता.

उशीर झाला तर शेंगदाण्याच्या तेलानं आतलं अस्तर सुजतं. नळी पुरती बंद होते, कोंडलेली हवा रक्तात जिरते. मग आधी काळं दिसलेलं फुप्फुस आकसून पांढरं दिसतं आणि हृदय आता त्याच बाजूला ओढलं जातं.