परसातील भाजी आणि मनाचा विसावा

बंगळूर शहराच्या आग्नेयेस सर्जापूर गावाकडे जाणारा रस्ता ‘सर्जापूर रोड’ ह्या नावाने ओळखला जातो. पूर्वी ह्या रस्त्याच्या दुतर्फा नाचणीची शेते व तलाव होते. आज तेथे संगणक-उद्योगाच्या कचेऱ्या आणि बहुमजली इमारती उभ्या आहेत. पुण्या-मुंबईकडून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही त्यांत राहतात. ह्या इमारतींच्या सज्जांत व गच्च्यांवर मेथी, पालक, मिरची, टोमॅटो वाढविणारी मंडळी आढळतात. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली, त्या काळात अनेक देशांत बियाण्यांची मागणी एकाएकी वाढली. जग संकटात सापडले असता मनुष्यास बी पेरावेसे का वाटावे?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुमारे २ कोटी कुटुंबांनी भाजीचे वाफे तयार केले होते. तेथे अन्नाचा तुटवडा हे उघड कारण होते. परंतु ज्याच्या दाराशी भाजीवाला येतो त्यास हे कारण लागू पडत नाही. कुंडीतल्या मेथीने घरखर्च वाचतो असे मानणे भाबडेपणाचे होईल. कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

मनावर ताण आला म्हणजे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. त्याचे प्रमाण लाळेवरूनही मोजता येते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ३० बागकाम करणाऱ्यांना प्रथम एक डोके शिणविणारे काम दिले. नंतर काहींना अर्धा तास बागेत काम करावयास सांगितले, तर इतरांना तेवढाच वेळ आत बसून वाचावयास सांगितले. कॉर्टिसॉल दोन्ही गटांत उतरले. परंतु बागेत राबणाऱ्यांत ते अधिक उतरले, आणि त्यांची चित्तवृत्तीही पूर्ववत् प्रसन्न झाली. वाचणाऱ्यांची तशी झाली नाही. अर्थात् ही सर्व माणसे मुळातच बागेची आवड असलेली होती व त्यांची संख्याही थोडी होती, हे विसरता कामा नये. ज्यास मातीचा कंटाळा आहे त्यास कुदळ हाती देऊन स्वास्थ्य लाभेल, असे ह्या प्रयोगावरून सिद्ध होत नाही.

ह्याची एक उपपत्ती अवधानाच्या स्वरूपात सापडते. आकडेमोड करताना किंवा युद्धाच्या बातम्या वाचताना अवधान बळेच एका जागी धरून ठेवावे लागते, आणि ते थकते. उलट, मातीतून वर येणारा अंकुर किंवा पानाखाली दडलेली अळी मनास आपणहून ओढून घेते. तेथे प्रयत्न लागत नाही, आणि थकलेल्या शक्तीस विसावा मिळतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेचेल व स्टीफन कॅप्लन ह्यांनी १९८९ साली हा विचार सविस्तर मांडला. शिवाय मेथी चार-पाच दिवसांत उगवते व महिन्याभरात खुडावयास येते. जगाच्या घडामोडींवर ज्याचा काहीच ताबा चालत नाही, अशा माणसास आपल्या कृतीचे फळ इतक्या लवकर अन्यत्र क्वचितच दिसते.

सर्जापूर रोडवर निसर्ग ह्या कामास बराच अनुकूल आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने उन्हाळा फारसा जाचत नाही. तांबड्या मातीत पाण्याचा निचरा चांगला होतो. मात्र तीत सेंद्रिय द्रव्य कमी असल्याने कुजलेले खत मिसळावे लागते. हिवाळ्यात येणारी अवरेकाई, म्हणजे आपल्या पावट्याची बहीण, मुळांवरील गाठींतील जीवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र स्थिर करते व स्वतःच्या खताची पुष्कळशी सोय स्वतःच करते.

पाण्याची गोष्ट मात्र निराळी. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, कूपनलिका आटल्या, आणि मार्च २०२४ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेस घालण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविला. ज्या अस्वस्थ जगापासून दूर जाण्यासाठी कुंडी मांडली, तेच जग नळावाटे कुंडीपाशी येऊन उभे राहिले. ज्यांनी बाग टिकविली त्यांना तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी साठवावे लागले. कुंडीतील मातीवर दोन बोटे जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन पुष्कळ कमी होते. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागल्यास त्या दिवशी पाणी घालू नये.